गर्जना, गाणें आणि श्रोत्यांचा न्याय

गौरी-गणपतीचे दिवस आले म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील वाडीवाडींतून जाखडीचे फेर धरले जातात. मध्यभागीं मृदंग व झांज घेऊन गाणारे बसतात, त्यांच्याभोंवतीं पायांत चाळ बांधलेले नाचे फिरतात. आणि शक्ति-तुऱ्याचा सामना ठरलेला असला तर एक पक्ष शक्तीचा म्हणजे कलगीवाल्यांचा व दुसरा शिवाचा म्हणजे तुरेवाल्यांचा, असे दोन पक्ष समोरासमोर येतात. गण होतो, गवळण होते, आणि मग सवाल-जबाब सुरू होतात. या सामन्याचा खरा न्याय अंगणांत मांडी घालून बसलेला श्रोताच करीत असतो. आवाज मोठा लागला एवढ्यावरून तो मान डोलावीत नाहीं. सवाल काय होता आणि जबाब त्याला धरून आला कीं नाहीं, हें तो पाहतो. पुराणांतला दाखला चुकला तर तें त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं.

जाणत्या श्रोत्याची ही परंपरा ज्या जिल्ह्यांत अजून जिवंत आहे, तेथील सुशिक्षित घरांतूनही एक निराळाच सामना पुष्कळदां चालतो. घरांतला कॉलेजांत जाणारा मुलगा कानांत यंत्र घालून कांहीं ऐकत असतो. वडिलांनीं कुतूहलानें विचारावें, मुलानें तें ध्वनिवर्धकावर लावावें, आणि खोलींत एकाएकीं गिटारचा कडकडाट, ढोलाचा दणका व कोणा माणसाच्या घशांतून निघालेली गर्जना भरून जावी. "हा तर नुसता आरडाओरडा," असें वडील म्हणतात. "तुम्हांला नाहीं कळायचें, बाबा," असें मुलगा म्हणतो. येथें संभाषण संपतें. मत दोघांजवळही तयार असतें. मताचें कारण मात्र दोघांपैकीं कोणींच सांगितलेलें नसतें.

ज्या संगीताविषयीं हा वाद होतो त्याला रॅप-मेटल असें नांव आहे, आणि भारतांतील त्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे नवी दिल्लीच्या 'ब्लडीवुड' या मंडळीचा 'रक्षक' हा पहिला आल्बम होय. तो १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध झाला. करण कटियार हे त्यांत गिटार व बांसरी वाजवितात आणि संगीताची रचनाही करतात. जयंत भडुला हे गातात आणि गर्जतात. राउल केर हे रॅप म्हणतात. हिंदी, पंजाबी व इंग्रजी अशा तीन भाषा या आल्बमांत एकत्र नांदतात. त्याच्याविषयीं श्रोत्यांचीं जीं मतें झालीं तीं परस्परांच्या इतकीं विरुद्ध आहेत कीं, त्यांचा थोडा शांतपणें विचार केला असतां, श्रोता मत कसें बनवितो या मूळ प्रश्नावरच प्रकाश पडतो.

त्यासाठीं प्रथम या संगीताचे दोन प्रवाह ओळखून घेतले पाहिजेत. रॅप म्हणजे तालाच्या चौकटींत बसवून, यमकें साधीत, वेगानें म्हटलेलें पद्य. त्याचा उगम ११ ऑगस्ट १९७३ या दिवशीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत झालेल्या एका घरगुती समारंभाशीं जोडला जातो. कूल हर्क या नांवानें प्रसिद्ध असलेल्या तरुणानें एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर आलटून पालटून लावून तिच्यांतला केवळ तालाचा तुकडा हवा तितका लांबविण्याची युक्ति रूढ केली. त्या तालावर नाचणाऱ्यांना प्रोत्साहन देण्याकरितां जे शब्द उच्चारले जात, त्यांतूनच पुढें स्वतंत्र काव्यप्रकार वाढला. गरीब वस्तींतील तरुणांना वाद्यें विकत घेणें परवडत नव्हतें. जुन्या तबकड्या आणि स्वतःची जीभ हेंच त्यांचें भांडवल होतें. पोवाडा ऐकलेल्या मराठी माणसाला, गद्य व गायन यांच्या सीमेवरून धांवणारें हें वक्तृत्व अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं.

मेटलचा उगम इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत झाला. तेथील 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीचा पहिला आल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजीं बाहेर पडला. तिचे गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणीं पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतांना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. ते डावखुरे असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनीं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, आणि पुढें तारांचा ताण कमी करून त्या खालच्या स्वरांत लावल्या. ताण कमी झाल्यानें दुखऱ्या बोटांना आराम मिळाला, आणि वाद्याचा आवाज खर्जांत उतरून गंभीर व भारदस्त झाला. अपंगत्वावर शोधलेला हा उपाय पुढें एका संपूर्ण संगीतप्रकाराचें लक्षण ठरला.

या दोन प्रवाहांचा संगम हळूहळू होत गेला. १९८६ सालीं 'रन-डीएमसी' ही रॅप मंडळी व 'एरोस्मिथ' ही रॉक मंडळी यांनीं एक गाणें मिळून केलें. १९९१ सालीं 'अँथ्रॅक्स' व 'पब्लिक एनिमी' यांनीं तसाच प्रयोग मेटलच्या बाबतींत केला. १९९२ च्या नोव्हेंबरांत लॉस एंजल्सच्या 'रेज अगेन्स्ट द मशीन' या मंडळीचा पहिला आल्बम निघाला, आणि रॅप-मेटलला राजकीय धार आली. १९६३ सालीं सायगांव येथें सरकारी जुलुमाच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेणाऱ्या बौद्ध भिक्षूचें छायाचित्र त्याच्या वेष्टनावर होतें. श्रोत्यांचीं दोन मतें तेव्हांही पडलीं. कांहींना ती अन्यायाविरुद्ध उठलेली खरी हांक वाटली. कांहींनीं असें विचारलें कीं, भांडवलशाहीविरुद्ध गाणाऱ्यांनीं आपली तबकडी एका बलाढ्य कंपनीकडून कां काढावी? हा दुसरा आक्षेप केवळ मत्सराचा नव्हता. गाणें कोणाविरुद्ध आहे हें पाहतांना तें कोणाच्या आश्रयानें चाललें आहे हेंही श्रोत्यानें पाहावें, ही अपेक्षा रास्तच आहे. ब्लडीवुडनें 'रक्षक' कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधारावांचून स्वतःच प्रसिद्ध केला, ही गोष्ट या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां 'रक्षक'विषयींचे आक्षेप एकेक करून तपासावे.

पहिला आक्षेप असा कीं, हें संगीत नसून गोंगाट आहे. येथें नादाचें थोडें शास्त्र उपयोगी पडतें. गिटारचा क्षीण विद्युत्संकेत ध्वनिवर्धकाच्या कुवतीबाहेर वाढविला म्हणजे नादलहरीचे माथे छाटले जातात, आणि मूळ स्वरांत नसलेले अनेक उपस्वर नव्यानें निर्माण होतात. करकरीत, खरखरीत असा जो आवाज कानीं पडतो तो यांतूनच येतो. अशा स्थितींत षड्ज, गांधार व पंचम हे तिन्ही एकदम छेडले तर त्यांचे उपस्वर एकमेकांशीं भांडूं लागतात आणि नाद गढूळ होतो. म्हणून मेटलचे वादक बहुधा गांधार गाळून षड्ज-पंचमाचीच जोडी वाजवितात. तंबोऱ्यावर ज्या जोडीनें आपल्याकडील गवयाचा सूर स्थिर होतो तीच जोडी येथें वादळाच्या मध्यभागीं खांबासारखी उभी असते! हें ध्यानांत घेऊन ऐकलें तर गोंगाटांतही एक बांधणी आहे असें दिसून येईल. ज्याला गर्जना म्हणतात ती देखील निव्वळ ओरड नव्हे. घशांतील मुख्य स्वरतंतूंच्या वर ज्या दुसऱ्या घड्या असतात, त्यांना कंप देऊन ती काढतात. त्याला अभ्यास लागतो, आणि अभ्यासावांचून केल्यास घसा जायबंदी होतो.

याचा अर्थ ती गर्जना सर्वांना गोड वाटलीच पाहिजे असा नाहीं. बांधणी आहे असें दाखविणें निराळें, आणि आवड उत्पन्न करणें निराळें. परंतु "मला रुचत नाहीं" आणि "यांत कांहीं नाहीं" हीं दोन भिन्न विधानें आहेत, एवढें तरी मान्य करावें लागतें.

दुसरा आक्षेप जाणत्या श्रोत्यांचा आहे. ढोल, बांसरी व तुंबी हीं देशी वाद्यें या गाण्यांत केवळ सजावटीसाठीं आणलीं आहेत. परदेशी श्रोत्याला भारताची झलक दाखविण्याची ही युक्ति आहे, असें ते म्हणतात. या आक्षेपाला पार्श्वभूमी आहे. ही मंडळी प्रथम लोकप्रिय गाण्यांचीं विनोदी मेटल रूपांतरें करून प्रसिद्धीस आली. दलेर मेहंदी यांच्या एका गाजलेल्या पंजाबी गाण्याचें त्यांनीं केलेलें रूपांतर पुष्कळांनीं हंसण्यासाठींच ऐकलें. त्यामुळें 'रक्षक' ऐकतांनाही कित्येकांच्या मनांत तो विनोदच घोळत राहिला. तथापि लक्ष देऊन ऐकलें असतां ढोलाचें काम केवळ शोभेचें नाहीं असें आढळतें. अनेक ठिकाणीं गिटारचे आघात ढोलाच्या ठेक्यावर बसविलेले आहेत. ढोल काढून घेतला तर ठेक्याची चालच बदलेल. बांसरीच्या बाबतींत मात्र आक्षेपांत थोडें तथ्य आहे. सुरुवातीला बांसरीची एक लकेर, मग एकदम कडकडाट, ही योजना पुन्हा पुन्हा येऊं लागली म्हणजे चमत्कृति राहत नाहीं, संवय होते.

तिसरा आक्षेप नाविन्याविषयीं आहे. आल्बमांत दहा गाणीं आहेत. त्यांपैकीं कांहीं पूर्वीच सुटीं प्रसिद्ध झालेलीं होतीं. ज्यांनीं तीं २०१९ पासून ऐकलीं होतीं, त्यांना पहिल्या आल्बमांत नवें कमी मिळालें असें वाटलें. ज्यांनीं प्रथमच ऐकलीं, त्यांना एकामागून एक जोरकस गाणीं मिळालीं. दोघांचेंही मत प्रामाणिक आहे. फरक कानांत नसून पूर्वपरिचयांत आहे. श्रोत्याच्या मतांत त्याच्या आठवणींचा वाटा किती मोठा असतो, याचें हें साधें उदाहरण होय.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो शब्दांविषयीं व भावनेविषयीं आहे. एका गाण्याचें नांवच एका शिवीचें आद्याक्षरी रूप आहे. 'दना दन' या गाण्यांत स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्यांविषयींचा संताप ठोशांच्या भाषेंत व्यक्त झाला आहे. 'गद्दार'मध्यें द्वेषाचा व्यापार करणाऱ्या राजकारणावर हल्ला आहे. असा संताप तरुणांच्या कानांत सतत ओतल्यानें त्यांचीं मनें हिंसक होणार नाहींत काय, असें पालक विचारतात. प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. अत्याचाऱ्याला ठोसे मारल्यानें न्याय होतो असा समज गाण्यानें पसरविला तर तो घातकच होय. न्यायाचें काम न्यायासनाचें आहे. शिवीनें ओळीला जोर येतो हाही एक भ्रमच आहे. शक्ति-तुऱ्याच्या सामन्यांतही टोमण्यांची पातळी घसरली म्हणजे जाणते श्रोते नाराजी दाखवितात, आणि ती योग्यच असते.

परंतु याच आल्बमांतील दुसरीं गाणीं ऐकलीं तर चित्र पालटतें. 'एन्ड्युरंट' हें गाणें इतरांकडून छळल्या जाणाऱ्या मुलांविषयीं आहे. 'याद' हें दुरावलेल्या जिवाच्या आठवणीचें आहे आणि त्याच्या चित्रफितींत माणूस व कुत्रा यांची मैत्री दाखविली आहे. 'जी वीरे' हें मनाच्या खिन्नतेशीं झगडणाऱ्याला धीर देणारें आहे. तें २०१९ सालीं प्रथम निघालें तेव्हां या मंडळीनें गरजूंसाठीं विनामूल्य मानसिक समुपदेशनाचीही सोय केली होती. म्हणजे गर्जनेच्या आड दुःख आहे, आणि दुःखाच्या आड सहानुभूति आहे. 'रक्षक' या नांवाचा अर्थही तेव्हांच उलगडतो.

वडील व मुलगा यांच्यांतील त्या तुटलेल्या संभाषणाचें महत्त्व येथें कळून येतें. मुलगा दार लावून जें गाणें ऐकत आहे तें कदाचित् संतापाचें असेल. पण कदाचित् तें 'जी वीरे'ही असेल. घरांत जें बोलतां येत नाहीं तें तो कोणा परक्याच्या घशांतून ऐकत असेल. "हा आरडाओरडा बंद कर," एवढेंच उत्तर त्याला मिळालें तर गाणें बंद होत नाहीं. तें फक्त कानांतल्या यंत्रांत जातें आणि दार अधिक घट्ट लागतें. उलट, वडिलांचा प्रत्येक आक्षेप म्हणजे अडाणीपणा असें समजणारा मुलगाही, ज्याचा अनुभव आपल्याहून मोठा आहे अशा श्रोत्याला गमावून बसतो. नुकसान दोघांचेंही होतें, आणि तें आल्बम चांगला कीं वाईट या प्रश्नापेक्षां कितीतरी मोठें आहे.

नव्या नादाविषयींचे असे निवाडे पूर्वीही झालेले आहेत, आणि रेडिओच्या इतिहासांत त्यांचे दोन ठळक दाखले आहेत. हार्मोनियमला मराठी रंगभूमीनें मानाचें स्थान दिलें होतें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनीं तिच्यावर नांव मिळविलें होतें. तरीही १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. हार्मोनियमचे स्वर ठरीव असल्यामुळें तिच्यावर मींड निघत नाहीं आणि श्रुति साधत नाहींत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खराच होता. पण गवयांनीं ती सोडली नाहीं, श्रोत्यांनीं ती टाकली नाहीं, आणि अखेरीस १९७१ सालीं ती बंदी सैल करावी लागली. दुसरा दाखला चित्रपटगीतांचा. १९५२ सालीं बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत मागें पडलें. परिणाम असा झाला कीं, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अमीन सयानी यांचा गीतमालेचा कार्यक्रम घरोघर ऐकूं येऊं लागला. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारतीचा आरंभ झाला.

या दोन्ही दाखल्यांवरून, जुने लोक नेहमींच चुकतात आणि नवें तें सर्व चांगलें, असा निष्कर्ष काढणें भाबडेपणाचें होईल. हार्मोनियमवरील आक्षेप आजही खरा आहे. चित्रपटगीतांपैकीं पुष्कळशीं विसरण्याच्याच लायकीचीं होतीं. चूक आक्षेपांत नव्हती. निवाडा सरसकट केला गेला ही खरी चूक होती. एका प्रकारांतील सर्व गाणीं एका वाक्यांत बाद केलीं म्हणजे त्यांतील चांगलें-वाईट निवडण्याचें काम कोणीच करीत नाहीं, आणि तें काम सोडलें कीं श्रोता श्रोता राहत नाहीं.

मग घरांतील श्रोत्यांनीं काय करावें? उपाय साधा आहे. आल्बम एकदम लावूं नये. एकच गाणें निवडावें. सुरुवात 'याद' किंवा 'जी वीरे' यांनीं करावी. पहिल्या वेळीं शब्दांकडे लक्ष न देतां ठेका कोठें आहे आणि ढोल काय करतो एवढेंच ऐकावें. दुसऱ्या वेळीं शब्द समोर ठेवून ऐकावें, कारण या प्रकारांत पहिल्या ऐकण्यांत शब्द कळणें कठीण असतें. तिसऱ्या वेळीं एवढेंच विचारावें कीं, या गाण्याचा सवाल कोणता, आणि त्याचा जबाब गाण्यांत आला आहे काय? मुलानेंही त्याच न्यायानें वडिलांच्या आवडीचें एक नाट्यगीत तीन वेळां ऐकावें. इतकें करूनही मत बदललें नाहीं तरी हरकत नाहीं. तें मत मग कारणासह सांगतां येईल.

एक व्यावहारिक सूचना मात्र दोघांनींही पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणें सुरक्षित असतें. आवाज ९० डेसिबल झाला तर ही मर्यादा आठवड्याला अवघ्या ४ तासांवर येते. गेलेली श्रवणशक्ति सहसा परत येत नाहीं. गर्जनेचें सामर्थ्य तिच्या बांधणींत व अर्थांत आहे. यंत्राची कळ शेवटापर्यंत फिरविल्यानें तें वाढत नाहीं.

रॅप-मेटल मराठींत उद्यां रुजेल कीं नाहीं हें सांगतां येणार नाहीं. पण रॅप तर रुजलेंच आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळीनें २०१९ सालीं आरे जंगलांतील आदिवासींची व्यथा 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यांत मांडली, आणि त्यांत मराठी रॅपच्या जोडीला प्रकाश भोईर यांचा रांगडा लोकस्वर होता. तें ऐकणाऱ्याला शाहिरी आणि ब्राँक्स यांच्यांतील अंतर फार वाटत नाहीं. उद्यां एखादा कोकणी तरुण मृदंग व झांज यांच्या शेजारीं गिटार ठेवून सवाल घालूं लागला, तर त्याला जबाब देणारा प्रतिपक्ष कोठें तरी मिळेलच. त्याहून अधिक गरज पडेल ती अंगणांत बसून दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या श्रोत्याची. रत्नागिरी जिल्ह्यांत असा श्रोता पिढ्यान् पिढ्या तयार होत आला आहे. तो घरांतील बंद दाराच्या दोन्ही बाजूंना असला पाहिजे, इतकेंच.